बिनविरोध निवडणूक आणि मतदाराचा नकार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'बिनविरोध' हा शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात मोठ्या कौतुकाने उच्चारला जातो. गावची पंचायत बिनविरोध झाली की गावाची एकी सिद्ध झाली असे आपण मानतो. सोसायटीचे संचालक मंडळ बिनविरोध निवडले गेले की नेत्याच्या मुत्सद्देगिरीचे गोडवे गायिले जातात. गुलाल उधळला जातो, हारतुरे होतात, आणि ज्यांच्या नावाने हे सारे घडले त्या मतदारांना, आपण कोणाला निवडले हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळते. या शब्दाचे मोठेपण खरे किती आणि उसने किती, याचा हिशेब आज मला आपल्यासमोर मांडावयाचा आहे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. त्यामुळे हिशेबाची सवय मला आहे. आणि या प्रश्नात हिशेब मांडल्याखेरीज नीतीचे बोलणे पोकळ ठरते, असे माझे मत आहे.

प्रथम अलीकडच्या घटना पाहू. जानेवारी २०२६ मध्ये महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. मतदान १५ जानेवारीला होते. परंतु अर्ज मागे घेण्याची मुदत संपताच साठांहून अधिक जागांचा निकाल लागून गेला होता. त्यांतील बहुतेक जागा सत्तारूढ आघाडीच्या पदरात पडल्या. एकट्या कल्याण-डोंबिवलीचा त्यांत मोठा वाटा होता. धाकदपटशा आणि पैशांची देवघेव झाल्याचे आरोप झाले, राज्य निवडणूक आयोगाने अहवाल मागविले. त्याआधी नगरपालिकांच्या निवडणुकांतही हाच प्रकार अनेक ठिकाणी दिसला होता. ज्या संस्थांच्या निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या, ज्यांच्या मतदाराने प्रशासकाच्या राजवटीत आपल्या प्रतिनिधीची वाट पाहिली, त्याच संस्थांत अखेर निवडणूक आली तेव्हा हजारो मतदारांच्या वाट्याला मतदान आलेच नाही.

हा केवळ महाराष्ट्राचा किंवा एका पक्षाचा दोष समजू नका. पश्चिम बंगालमध्ये २०१८ साली पंचायतींच्या ५८,६९२ जागांपैकी २० हजारांहून अधिक, म्हणजे सुमारे ३४ टक्के जागांवर मतदान झाले नाही. त्रिपुरात २०१९ साली पाचांपैकी चारांहून अधिक जागा सत्तारूढ भारतीय जनता पक्षाला बिनविरोध मिळाल्या. आणि आपण डाव्या विचारांचे म्हणवितो म्हणून हेही सांगितले पाहिजे की, बंगालमध्ये डाव्या आघाडीचे राज्य असताना २००३ साली सुमारे ११ टक्के जागा बिनविरोध गेल्या होत्या. ११ टक्क्यांची वाट ज्यांनी रुळविली, त्यांनाच पुढे ३४ टक्क्यांची झळ सोसावी लागली. सत्तेची सवय झेंड्याचा रंग पाहत नाही.

सर्वसंमतीची परंपरा

बिनविरोध निवडीच्या मागे एक उदात्त विचार आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. विनोबांच्या ग्रामदानात गावाने निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यावेत, ही कल्पना मध्यवर्ती होती. जयप्रकाशांनी १९५९ साली भारतीय राज्यव्यवस्थेच्या पुनर्रचनेचा जो आराखडा मांडला, त्यात पक्षीय चढाओढीने गाव फाटू नये ही तळमळ होती. पुढे सरकारांनी ही कल्पना उचलली. गुजरातमध्ये २००१ पासून 'समरस' या नावाने बिनविरोध पंचायत करणाऱ्या गावांना बक्षिसाचे अनुदान मिळू लागले. आपल्याकडे काही आमदार 'गाव बिनविरोध करा, इतके लाख घ्या' असे जाहीर करू लागले.

येथे एक मूलभूत फरक आहे, तो नीट ध्यानात घेतला पाहिजे. विनोबांची सर्वसंमती ही चर्चेच्या शेवटी येणारी गोष्ट होती. गावातील शेवटचा माणूस बोलला, त्याचे समाधान झाले, मग निर्णय झाला, असा तिचा क्रम. बक्षिसाच्या बिनविरोधाचा क्रम उलटा आहे. तेथे निर्णय आधी होतो आणि जो बोलेल तो गावाचे लाखो रुपये बुडविणारा ठरतो. ज्या संमतीस नकाराची वाट मोकळी नाही ती संमतीच नव्हे. जिथे 'नाही' म्हणता येते, तिथेच 'हो' म्हणण्याला किंमत असते.

निवडणुकीने गाव फाटते, हा युक्तिवाद तर आपण नेहमी ऐकतो. हिवरे बाजारचे उदाहरण यासाठी उद्बोधक आहे. आदर्श गाव म्हणून ख्याती पावलेल्या या गावात सुमारे तीस वर्षे निवडणूक झाली नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये ती झाली. पोपटराव पवार यांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. गाव फाटले नाही आणि पाणलोटाचे कामही वाहून गेले नाही. उलट, तीस वर्षे जे गृहीत धरले गेले होते ते मतपेटीतून सिद्ध झाले. चांगल्या नेतृत्वाला निवडणुकीची भीती बाळगण्याचे कारण नसते.

सन्मानाने बिनविरोध निवड होऊच शकत नाही, असेही मी म्हणत नाही. चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेलेले यशवंतराव चव्हाण नाशिकच्या पोटनिवडणुकीत बिनविरोध निवडून आले. तेथे राष्ट्रीय संकटाचे भान होते. परंतु अपवादाचे तेज नियमाला देता येत नाही.

पदाची किंमत

आता एकीच्या पडद्यामागे जाऊ. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले. उमराण्याची बोली दोन कोटी पाच लाखांची होती, खोंडामळीची ४२ लाखांची. रक्कम मंदिराच्या कामी लावावयाची, असे सांगण्यात आले. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक प्रक्रिया रद्द केली, हे योग्यच झाले. परंतु आपण क्षणभर हिशेब करू. सरपंचाचे मानधन त्या वेळी महिन्याला पाच हजार धरले तरी पाच वर्षांचे तीन लाख होतात. तीन लाखांच्या प्राप्तीसाठी दोन कोटी मोजणारा मनुष्य एकतर संत असला पाहिजे किंवा त्याच्या हिशेबात आपल्याला न दिसणारी जमेची बाजू असली पाहिजे.

ती जमेची बाजू पंचायतीच्या वाढलेल्या खर्चात आहे. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळासाठी देशातील ग्रामपंचायतींना दोन लाख कोटी रुपयांहून अधिक अनुदानाची शिफारस केली आणि तो पैसा थेट पंचायतींकडे जाऊ लागला. विकेंद्रीकरणाच्या दृष्टीने हे इष्टच होते. आपली चळवळ तेच मागत आली होती. पण सत्तेबरोबर पैसा खाली आला आणि जाब विचारण्याची व्यवस्था मात्र वरच राहिली, तर पदाला बाजारभाव येतो. वाळूचे लिलाव, गावठाणालगतच्या जमिनींचे बिनशेती व्यवहार, रस्त्यांची कामे, बाजार समितीतील वजन, हे सारे त्या भावात मोजले जाते. लिलावात दिलेली रक्कम गावाला मिळाली असे वाटते. वस्तुतः ती गावाच्याच पुढील पाच वर्षांच्या पैशातून आगाऊ उचललेली असते. मंदिराचा कळस चढतो आणि नळाला पाणी येत नाही.

या व्यवहारात किंमत ठरविणारे कोण असतात? ज्यांच्या घरी बैठक होते ते. निवडणूक कितीही दोषपूर्ण असली तरी तिच्यात एक गुण आहे: पाच वर्षांतून एकदा उमेदवाराला भूमिहीनाच्या, दलित वस्तीतल्या म्हातारीच्या, ऊसतोडीस जाणाऱ्या मजुराच्या दारात उभे राहावे लागते. तिच्या मताची किंमत पाटलाच्या मताइतकीच असते. बिनविरोध निवडीत ही वाट वळसा घालून टाळता येते. विधवा, परित्यक्ता, सालगडी यांच्यापैकी कोणीही त्या बैठकीस नसते. ज्याला आपण गावाची एकी म्हणतो ती पुष्कळदा गावातील दहा घरांची एकी असते.

जातीच्या संदर्भात तर हे अधिक दारुण आहे. तमिळनाडूत मदुराई जिल्ह्यातील पाप्पापट्टी, कीरिपट्टी, नट्टारमंगलम या पंचायती १९९६ साली अनुसूचित जातींसाठी राखीव झाल्या. पुढची दहा वर्षे तेथे कोणी दलित उमेदवार उभाच राहू शकला नाही, अथवा राहिला तर निवड होताच राजीनामा देण्यापुरता. त्याच भागातील मेलवळवू येथे १९९७ साली राखीव जागेवर निवडून आलेल्या अध्यक्षांची व त्यांच्या सहकाऱ्यांची हत्या झाली. राज्यसंस्थेने मनावर घेतल्यावर २००६ साली त्या तीन गावांत निवडणूक झाली. त्या दहा वर्षांत ती गावेही 'एकमता'ची होती, हे विसरता येणार नाही. शांतता आणि संमती या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कायदा काय म्हणतो

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ५३ मध्ये अशी तरतूद आहे की, जागांइतकेच उमेदवार उरले तर निर्वाचन अधिकाऱ्याने त्यांना तत्काळ निवडून आल्याचे घोषित करावे. आपल्या ग्रामपंचायत, नगरपालिका व महानगरपालिका निवडणुकांतही हाच न्याय चालतो. याच तरतुदीमुळे एप्रिल २०२४ मध्ये सुरतमध्ये लोकसभेचा खासदार मतदानावाचून ठरला. काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज सूचकांच्या सह्यांच्या वादात बाद झाला, उरलेल्यांनी अर्ज मागे घेतले, आणि लाखो मतदारांचा हक्क एका दुपारी संपला.

दुसऱ्या बाजूस नकाराच्या अधिकाराची कहाणी पाहा. पूर्वी नियम ४९-ओ अन्वये मतदाराला मत न देण्याची नोंद करता येत असे. परंतु ती केंद्राधिकाऱ्यासमोर, नोंदवहीत, गुप्ततेचा भंग करून. नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या पीयूसीएल या संघटनेने २००४ साली याचिका केली आणि २७ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मतदानयंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' असा पर्याय असलाच पाहिजे. यालाच आपण 'नोटा' म्हणतो. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकांपासून तो अमलात आला. पण त्याला दात नव्हते. नोटाला सर्वाधिक मते मिळाली तरी त्याखालोखाल मते मिळविणारा उमेदवार निवडून येणार, असे निवडणूक आयोगाने स्पष्ट केले. विधी आयोगानेही २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात उमेदवार नाकारण्याच्या अधिकाराची शिफारस केली नाही.

या संदर्भात महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाचे श्रेय मान्य केले पाहिजे. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याने आदेश काढला की, स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते मिळाल्यास कोणालाही विजयी घोषित न करता फेरनिवडणूक घ्यावी. हरियाणानेही त्याच सुमारास अशी व्यवस्था केली.

म्हणजे आज आपली स्थिती अशी विचित्र आहे. प्रभागात दोन उमेदवार असतील तर मतदार दोघांनाही नाकारू शकतो आणि त्याच्या नकारात निवडणूक रद्द करण्याची शक्ती आहे. पण एकच उमेदवार उरला, म्हणजे ज्या वेळी नकाराची गरज सर्वांत अधिक, त्या वेळी मतदाराच्या हाती काहीच राहत नाही. बाजारात एकच दुकान असेल तर मक्तेदारी होते हे मी विद्यार्थ्यांना शिकवीत आलो. परंतु मक्तेदाराच्या दुकानातूनही रिकाम्या हाताने परत येण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला असतो. येथे तोही नाही. माल घरपोच येतो आणि पाच वर्षे परत करता येत नाही.

लोक नकार देतात काय

नोटा हा शहरी सुशिक्षितांचा चाळा आहे, असे म्हणणाऱ्यांनी काही आकडे पाहावेत. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटा २७ हजारांहून अधिक मतांसह दुसऱ्या क्रमांकावर होता. सांगली जिल्ह्यातील पलूस-कडेगावातही तो दुसरा होता. मुंबईत अंधेरी पूर्वच्या २०२२ मधील पोटनिवडणुकीत मुख्य प्रतिस्पर्धी पक्षाने उमेदवार मागे घेतला, तेव्हा १२,८०६ मतदारांनी नोटाचे बटण दाबले. आणि २०२४ साली इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी माघार घेतल्यावर २,१८,६७४ मते नोटाला गेली. विजयी उमेदवाराचे मताधिक्य प्रचंड होते हे खरे. पण सुरत आणि इंदूर यांतील फरक पाहा. इंदूरमध्ये किरकोळ उमेदवार रिंगणात उरले म्हणून मतदान झाले आणि सव्वादोन लाखांच्या आसपास लोकांचा निषेध इतिहासात नोंदला गेला. सुरतच्या मतदाराचे मत काय होते, हे कोणालाही कधीच कळणार नाही.

परदेशांतील अनुभवही विचारात घेण्याजोगा आहे. कोलंबिया देशात कोरे मत हे वैध मत मानले जाते आणि अशी मते निम्म्याहून अधिक झाल्यास निवडणूक नव्या उमेदवारांसह पुन्हा घ्यावी लागते. २०११ साली मेडेयीनजवळच्या बेयो शहरात महापौरपदासाठी एकच उमेदवार उरला होता. तरीही मतदान झाले, निम्म्याहून अधिक मतदारांनी कोरे मत दिले, आणि नवी निवडणूक घ्यावी लागली. एकटा उमेदवारही पराभूत होऊ शकतो, हे त्या शहराने दाखवून दिले.

समाजवादाचे नाव घेणाऱ्या राजवटींचा धडा तर आपण कधीही विसरता कामा नये. सोव्हिएत मतपत्रिकेवर दशकानुदशके एकच नाव असे, परंतु ते खोडण्याची मुभा कागदोपत्री होती. मार्च १९८९ मध्ये भीती ओसरली आणि लेनिनग्राडचा पक्षप्रमुख सोलोव्हियोव्ह, समोर कोणीही नसताना, हरला. त्याच वर्षी जूनमध्ये पोलंडच्या मतदारांनी सत्तारूढांच्या राष्ट्रीय यादीतील ३५ पैकी ३३ नावे खोडून पाडली. ज्या राजवटी बिनविरोधाच्या जोरावर स्वतःला लोकांच्या म्हणवीत होत्या, त्यांना लोकांचे मत पहिल्या संधीला कळले. विरोध नव्हता याचा अर्थ पाठिंबा होता असा नव्हता.

काय मागावे

आपली मागणी मी चार कलमांत मांडतो.

एक, उमेदवार एकच उरला तरी मतदान झालेच पाहिजे. यंत्रावर त्याचे नाव आणि नोटा असे दोन पर्याय असावेत.

दोन, नोटाला अधिक मते पडल्यास फेरनिवडणूक व्हावी आणि नाकारलेल्या उमेदवाराला त्या फेरनिवडणुकीत उभे राहता येऊ नये. नाहीतर तोच मनुष्य महिन्याभराने पुन्हा दारात येईल.

तीन, ही फेरी एकदाच व्हावी, म्हणजे संस्था अनिश्चित काळ प्रशासकाच्या हाती राहण्याचे निमित्त सरकारला मिळणार नाही.

चार, बिनविरोध निवडीसाठी सरकारी वा आमदार निधीतून कोणतेही बक्षीस देणे हे मतदारास लाच देण्याच्या तोडीचे मानले जावे.

यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्थानिक निवडणुकांविषयी कायदा करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला दिला आहे. संसदेच्या निवडणुकीसाठी कलम ५३ ला आव्हान देणारी याचिका २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. एकट्या उमेदवारालाही किमान काही मते असावीत की काय, असा प्रश्न न्यायालयाने सुनावणीत उपस्थित केला. तो प्रश्न न्यायालयात आहे. मुंबईच्या विधिमंडळाला तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

खर्चाचा आक्षेप हमखास घेतला जाईल, म्हणून त्याचे उत्तर तयार ठेवा. मुंबई वगळता आपल्या महानगरपालिकांत बहुसदस्य प्रभाग आहेत. चारांपैकी एक जागा बिनविरोध झाली तरी उरलेल्या तीन जागांसाठी केंद्रे उघडतात, कर्मचारी येतात, मतदार रांगेत उभा राहतो. फक्त चौथ्या जागेचे मत त्याला देता येत नाही. ते घेण्यास अधिक खर्च तो कितीसा? ग्रामपंचायतीच्या प्रभागांतही बहुधा एकाहून अधिक जागा असतात. सबंध गावच बिनविरोध झाले तरच खरी बचत होते. आणि तेथे एका दिवसाच्या मतदानाचा खर्च पाच वर्षांच्या कोट्यवधींच्या कारभाराशी ताडून पाहिला की तो विम्याच्या हप्त्याइतका क्षुल्लक ठरतो.

खरा आक्षेप निराळा आहे. दहशत असेल तेथे नोटा काय करणार? माझे उत्तर असे की, दहशतीलाही अर्थशास्त्र असते. एका उमेदवाराला, त्याच्या दोन सूचकांना गाठणे स्वस्त असते; एक फोन, एक रात्र, एक पाकीट पुरते. पण दोन हजार मतदारांना गुप्त मतदानाच्या खोक्याआड गाठणे महाग असते. आजचा कायदा दहशतीला स्वस्त मार्ग मोकळा ठेवतो. आपण तो बंद करू शकलो तर माघार विकत घेण्यात फायदा उरणार नाही, आणि जे विकत घेण्यात फायदा नाही त्याचा बाजार आपोआप मोडतो.

आपले काम

शेवटी एक अप्रिय गोष्ट. नोटा हा मतदाराचा शेवटचा आधार आहे, पक्षाचा कार्यक्रम नव्हे. ज्या पक्षाचे कार्यकर्ते दर निवडणुकीत नोटाचा प्रचार करू लागतील त्यांनी आपले दुकान बंद केले असे समजावे. बिनविरोध जागांची संख्या ही सत्तारूढांच्या मस्तीची मोजदाद आहे, तशीच ती विरोधकांच्या पोकळीचीही आहे. जेथे आपली शाखा जिवंत आहे, तेथे माघारीसाठी धमकी आली तर उमेदवार त्याच रात्री दहा घरी जाऊन सांगू शकतो. जेथे शाखा नाही, तेथे तो एकटा असतो, आणि एकटा मनुष्य वाकतो. त्याला दोष देण्याआधी आपण कोठे होतो, हे विचारले पाहिजे.

म्हणून प्रत्येक तालुक्यात कागदपत्रे तपासणारी दोन माणसे हवीत. अर्ज सहीवाचून किंवा जातीच्या दाखल्यावाचून बाद झाला, ही सबब पुन्हा ऐकू येता कामा नये. अर्ज भरताना पर्यायी उमेदवार हवा. माघार घ्यावयाची असेल तर ती वस्तीच्या सभेत, कारण सांगून घ्यावी, असा आपल्या पक्षाचा नियम हवा. आणि 'तुम्ही ही जागा सोडा, आम्ही ती सोडतो' हे वाटप आपल्या नेत्यांकडून होईल तेव्हा आपण ते उघडपणे विचारले पाहिजे. कारण सोडली जाते ती जागा नेत्याची नसते, मतदाराची असते.

लोकशाही समाजवादात 'लोकशाही' हे केवळ विशेषण नाही. मालमत्तेची मक्तेदारी मोडावयास निघालेल्या चळवळीने सत्तेची मक्तेदारी, ती गावच्या चावडीवरची असली तरी, सहन करता कामा नये. येत्या ग्रामसभांत या चार मागण्यांचा ठराव मांडा. ठरावाला विरोध झाला तर तो शांतपणे ऐका, मतास टाका, आणि हात वर करणाऱ्यांबरोबर न करणाऱ्यांचीही मोजणी करा.